रोज एक चमचा, खाण्यात मिसळून

भुरी व्यायला लागली ती भर दुपारी. पत्र्याची शेड तव्यासारखी तापलेली, माश्यांनी उच्छाद मांडलेला, आणि आक्का हाताला कोपरापर्यंत तेल लावून डुकरिणीच्या मागे गुडघ्यांवर बसलेली. पहिलं पिल्लू मेलेलंच आलं. दुसरंही मेलेलं. तिसऱ्याने पाय हलवला तशी तिने घाईघाईने त्याच्या नाकातोंडातला बुळबुळीत चिकटा बोटाने काढला, गोणपाटाने खसाखसा पुसलं, तोंडात फुंकर घातली. पिल्लाने श्वास घेतला. बरं वाटलं तिला. मग तिने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. पापण्या होत्या, पण पापण्यांच्या आत डोळेच नव्हते.

"काय गं आक्का?" दारातून भावाने विचारलं. तो गवंडी, दुपारच्या सुट्टीत घरी आला होता, अंगावर सगळी वाळू.

"काही नाही. कोमट पाणी आण."

"किती झाली?"

"मोजत बसू का आता? पाणी आण म्हटलं ना!"

अकरा झाली. पाच मेलेली, दोन आंधळी. बाकीच्या चौघांना सड तोंडात धरायचं बळ नव्हतं. आक्काने एकेकाला उचलून भुरीच्या अंगाला लावलं, सड पिळून दुधाचा थेंब ओठावर टेकवला. ती दोनदा चोखायची आणि तिसऱ्यांदा मान टाकायची. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. भुरी पाठीवर माश्या बसवून तशीच आडवी पडून राहिली, दुधाने सड टच्च फुगलेले, आणि मधूनमधून घुरघुरून पिल्लांना हाक मारायची. ती हाक ऐकवत नव्हती.

आक्का बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली होती. तेव्हा बाप होता. त्याने दोन डुकरिणी तिच्या ताब्यात दिल्या आणि एवढंच म्हणाला, "यांचं तू बघ." माहेरी परत आलेल्या बाईला घरात जागा मिळते, नाही असं नाही, पण ती जागा रोज नव्याने कमवावी लागते. आक्काने ती कमावली. बाप गेला, भावाचं लग्न झालं, भाच्या मोठ्या होऊन नांदायला गेल्या. घराला पक्क्या भिंती आल्या त्या निम्म्या भावाच्या थापीने आणि निम्म्या आक्काच्या पिल्लांनी. हे भाऊही चारचौघांत सांगायचा. भावजयही वाईट नव्हती. पण शेडमध्ये काय करायचं, कधी करायचं, हे मात्र आक्काला कुणी शिकवायचं नाही. तिथे तिचंच राज्य.

या राज्याचा एकच कायदा होता. उकळल्याशिवाय डुकरिणीच्या तोंडी काही लागता कामा नये. बारा वर्षांपूर्वी वसतिगृहातलं खरकटं तसंच दोणीत ओतलं होतं, आणि आठ दिवसांत चौदा डुकरं तापाने लाल होऊन पटापट मेली. खड्डा खणून, चुना टाकून पुरली. तेव्हापासून आक्का पहाटे काहील चढवायची. खरकटं, कोंडा, भरडा, सगळं त्यात, आणि वरून पाणी. चांगला दोन तास रटरटला की मग उतरवायचं. भावजय म्हणायची, "वन्सं, तुमच्या डुकरिणींचं आधी शिजतं, माझ्या नवऱ्याचं मागून. पुढच्या जन्मी मला या शेडमध्येच पाठवा." आक्का म्हणायची, "तुला नाही जमायचं गं. तिथे बडबड चालत नाही." मग दोघी हसायच्या. त्यानंतर एकही डुक्कर त्या तापाने मेलं नाही. त्यामुळे काहिलीपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

यंदा घोळ झाला तो हिरव्याचा. एरवी ओढ्याकाठचा पाला, भाजीवाल्यांनी टाकलेली पानं असं पाटीभर कच्चं हिरवं रोज मिळायचं. मागच्या उन्हाळ्यापासून ओढा आटला. भाजीवाले देठसुद्धा विकायला लागले. डुकरिणींच्या अंगावरची तुकतुकी गेली, कातडीला कोंडा सुटला. तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "हिरवं नाही ना, मग व्हिटॅमिन द्यावं लागेल. गाभण असताना तर द्याच, आणि पाजत असतानाही बंद करू नका. आमच्या बाईंकडून पावडर घेऊन जा." आणि महिन्याभरात ते निवृत्त होऊन आपल्या गावी गेले.

त्यांच्या बाई म्हणजे कंपाउंडरबाई. दवाखान्यात रोजंदारीवर होती, पण औषधांचं कपाट, ड्रम, किल्ल्या सगळं तिच्याकडे. बुटकी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, घरात अंथरुणाला खिळलेली आई. ती मोठ्या ड्रममधून पावडर काढून कागदाच्या पुड्यांत भरून द्यायची आणि प्रत्येकाला एकच सांगायची, "रोज एक चमचा, खाण्यात मिसळून."

आक्काने एक दिवस चुकवला नाही. डबा ओल लागू नये म्हणून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. पहाटे काहील चढवली की पहिल्यांदा पावडर टाकायची, मग बाकीचं. औषध आहे, चांगलं शिजून मुरलं पाहिजे, असा तिचा हिशेब. पावडरीचा एक कण खाली सांडू दिला नाही तिने.

आणि भुरीचं असं झालं.

आठ दिवसांनी दुसरी डुकरीण, वाकडकानी, व्यायली. तिचं वेत नऊचं. सात मेलेली, एक आंधळं, एक बरं. बरं होतं त्यावर ती स्वतःच लोळली. आक्काने पिल्लं पाटीत घेतली, वरून गोणपाट टाकलं आणि शेडमागे खड्डा खणायला लागली. जमीन दगडासारखी. पहार आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या. भावाने येऊन तिच्या हातातून पहार घेतली. खड्डा झाला, बुजवला, तेव्हा म्हणाला, "पोरगी राहिली आता. तिचं बघू. तिचंही असंच झालं तर तिन्ही देऊन टाकू खाटकाला. मला तरी सिमेंटच्या गोण्या ठेवायला कोरडी जागा पाहिजेच आहे."

पोरगी म्हणजे तिसरी डुकरीण. आक्काच्या हातचीच, पहिलटकरीण.

"बरं," आक्का म्हणाली. डुकरिणी गेल्यावर या घरात आपण कोण, हा प्रश्न ती भावाला कोणत्या तोंडाने विचारणार होती?

त्या दिवशी जेवताना भावजय सहज बोलून गेली, "वन्सं, त्या पावडरीतच काही खोट असेल हो. तुमच्या हातून तर कधी असं झालं नाही." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं आक्काने ते वाक्य धरलं. रात्रभर ते डोक्यात घोळवलं, आणि सकाळपर्यंत तिची खात्रीच झाली.

दवाखान्यासमोर सकाळी रांग होती. शेळ्या, एक लंगडणारा बैल, पिशवीत कोंबड्या. आक्का रांग सोडून थेट खिडकीशी गेली.

"माझी पिल्लं आंधळी निपजली. काय मिसळलंस पावडरीत?"

कंपाउंडरबाईने चष्मा वर सरकवला. "आक्का, अहो, ड्रममधून काढते तशीच देते. मी कशाला काय मिसळीन?"

"मग ड्रममध्ये पीठ कुणी घातलं? खरी पावडर कुठे विकतेस?"

"असं बोलू नका हो. सगळ्यांना तीच जाते."

"तेच म्हणते मी! सगळ्यांनाच फसवतेस."

इथवर ते दोघींत होतं. पण रांगेतला एक शेळीवाला म्हणाला, "माझ्या शेळीलाही गुण नाही आला." मग बैलवाला म्हणाला, "मलाही शंका होतीच." ज्यांनी आयुष्यात पावडर घेतली नव्हती तेही माना डोलवायला लागले. दवाखान्याचा कारभार बघणारे साहेब बाहेर आले, चौकशी करतो म्हणाले. कंपाउंडरबाई तिथेच खिडकीत उभी होती. पुडी बांधायला घेतलेला कागद हातातच होता आणि ती त्याला घडीवर घडी घालत होती. आक्काने ते पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणाली आणि घरी आली.

चौकशी वगैरे काही झाली नाही. रोजंदारीच्या बाईची कसली चौकशी? चौथ्या दिवशी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

पुढच्या आठवड्यात नवे डॉक्टर आले. तरुण, घाईत, मोटारसायकल बंद न करताच बोलणारे. पोरगीला त्यांनी नीट तपासलं, पोट चाचपलं, मानेत एक इंजेक्शन दिलं. मग काहिलीकडे बघून म्हणाले, "हे उकळता ते फार चांगलं करता. निम्मे लोक आळस करतात. फक्त पावडर त्यात नका टाकू हं. इतका वेळ उकळलं की व्हिटॅमिन मरतं, काही उरत नाही. आधी पाल्यातून मिळत होतं म्हणून निभावलं असेल. आता पाला नाही आणि पावडरही उकळली, तर डुकरिणीला मिळणार काय? माती. मग पिल्लं मेलेली येतात, आंधळी येतात. एका ठिकाणी पाहिलंय मी. खाणं गार झालं की द्यायच्या वेळेला मिसळायचं. डबाही उन्हात, चुलीपाशी ठेवायचा नाही." बॅगेचा पट्टा ओढत त्यांनी विचारलं, "तुम्ही कशी घालता?"

आक्काची नजर चुलीवरच्या फळीकडे गेली. डबा तिथेच होता, काजळी धरलेला.

"तशीच," ती म्हणाली. "गार झाल्यावर."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

आक्का काहिलीपाशी खाली बसली. पाच, दोन, चार, सात, एक. एकेक पिल्लू तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने स्वतःच्या हाताने, पहाटे उठून, कण न सांडता त्यांना मारलं होतं. तिला रडायचं होतं, पण रडू आलं नाही. मग तिने डबा फळीवरून काढला, पदराने काजळी पुसली आणि आत माठाशेजारी गारव्याला ठेवला. भावजयीने विचारलं तर म्हणाली, "तिथे हात पोचत नाही गं आता."

त्या दिवसापासून पोरगीचं खाणं गार व्हायचं, आणि मग आक्का चमचा घालून हाताने कालवायची. कुणी बघत नाही ना हे आधी बघायची. आपल्याच शेडमध्ये चोरासारखी. कंपाउंडरबाईची आठवण आली की ती दुसरं काम काढायची. दोण घास, मोरी धू, कोंडा चाळ. मनाला समजवायची, की वेत पार पडू दे, मग सांगू. एकदा पोरगी नीट सुटली की भाऊ डुकरिणी विकणार नाही. मग सांगायला काय हरकत आहे?

सहा आठवड्यांनी, सकाळी नवाच्या सुमाराला पोरगी व्यायली. पहिलटकरीण असून तिने आक्काला हातसुद्धा लावू दिला नाही. एकामागून एक बारा पिल्लं. डुकराचं पिल्लू जन्मतःच डोळे उघडून येतं. बाराच्या बारा चोवीस डोळ्यांनी आक्काकडे टकामका बघत होती, आणि पंधरा मिनिटांत ढकलाढकली करत सडांना लागलीही. आक्काने पोरगीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि आता मात्र ती हुंदके देऊन रडली.

भाऊ धावत आला. पिल्लं बघून त्याचा चेहरा फुलला. "आक्का, तुझ्या हाताला यश आहे गं! आणि मी काय म्हणत होतो? ती चोरटी गेली, खरी पावडर आली, बघ कसा फरक पडला!"

आक्काने तोंड उघडलं.

"आता विकायचं नाव काढणार नाही," भाऊ म्हणाला. तो पिल्लू उचलून त्याच्या नाकावर टिचकी मारत होता. इतका खूश तो लेकीच्या लग्नातही नव्हता.

आक्काने तोंड मिटलं.

गावभर तेच झालं. बारा पिल्लं हा पुरावा झाला. पाण्याच्या टाकीपाशी बाया म्हणायच्या, आक्कानेच धरली बरं का ती. शेळीवाला वाटेत थांबवून म्हणाला, "तुम्ही बोललात म्हणून, नाहीतर आम्ही नुसते तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो." खरं सांगायचं तर आधी सांगणं सोपं होतं. आता तिच्या खोट्याला बारा पाय फुटले होते, आणि ते रोज वजनाने वाढत होते.

पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा कंपाउंडरबाई आली. दुपारची वेळ, भावजय आत पाय पसरून निजलेली. शेडच्या दाराशी सावली पडली म्हणून आक्काने मान वर केली. बाई वाळली होती. हाताच्या बोटांना भेगा. कुठेतरी लोकांची भांडी घासत असावी.

"भांडायला नाही आले," ती आधीच म्हणाली. "पिल्लं बघायला आले. बघू का?"

आक्का बाजूला सरली. बाईने वाकून एकेक पिल्लू पाहिलं. एकाचं तोंड हातात धरून पापणी अंगठ्याने वर केली.

"छान आहेत," ती म्हणाली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. "आक्का, एक विचारते, खरं सांगा. तेव्हा पावडरीचा रंग कसा होता? पिवळट की पांढरा? मी रोज आठवते. माझ्या आईची तब्येत तेव्हा फार बिघडली होती, झोप नव्हती मला. दोन ड्रम शेजारी शेजारी असतात. माझ्या हातून चुकून दुसऱ्या ड्रममधली तर नाही ना गेली? चोरी मी केली नाही, देवाशपथ. पण चूक झाली असेल. आता तुमची ही पिल्लं बघून तर वाटतं, झालीच असेल."

आक्का भिंतीकडे बघत होती. हिला आपल्याला शिव्या देता आल्या असत्या. शिव्या ऐकून घेणं आक्काला सोपं गेलं असतं.

"पिवळट होती," ती म्हणाली. "बरोबर होती पावडर. मी उकळत होते."

"काय?"

"काहिलीत. दोन तास. पहिल्या दिवसापासून. उकळली की मरते म्हणे."

बाईने चष्मा काढला. तिला समजायला वेळ लागला नाही, तिचा तो धंदाच होता. "मरतेच," ती हळू म्हणाली. "मी सांगायला पाहिजे होतं. खाण्यात मिसळा म्हणायचे नुसतं. तुम्ही उकळता हे मला ठाऊक होतं." मग एकदम तिने वर बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे आक्काला माहीत होतं.

"नवे डॉक्टर आले तेव्हा. दोन महिने होतील आता."

कंपाउंडरबाई उठली. तिने लुगड्याची धूळ झटकली, चष्मा लावला. काडीचा दोरा कानामागे बसेना, दोनदा लावावा लागला. "दोन महिने," ती म्हणाली आणि चालायला लागली.

आक्का बघत राहिली. मग तिने पायात चपला सरकवल्या आणि तिच्या मागून निघाली. दवाखान्याची दुपारची खिडकी उघडलेली होती, सातआठ माणसं होती. आक्का खिडकीशी गेली, आणि मागच्या वेळेइतक्याच मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. पावडर खरी होती, मी ती उकळली, पिल्लं माझ्या हाताने मेली, ही बाई चोर नाही. तिने एकही शब्द गाळला नाही. नवे डॉक्टर आतून बघत होते. "अहो, पण मला तर तुम्ही म्हणालात..." आणि मग तेच थांबले.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "बरं झालं सांगितलंत. पण आता त्या जागेवर माणूस घेतलाय. त्याला कसं काढणार? त्याचीही काही चूक नाही."

रांगेत कुणीतरी खाकरलं. शेळीवाला आपल्या शेळीच्या गळ्यातली दोरी सोडून पुन्हा बांधत होता. आक्काने मागे वळून पाहिलं तर कंपाउंडरबाई फाटकातून बाहेर पडून आपल्या वाटेला लागली होती. तिने हाक मारली नाही. मारून सांगणार काय होती?

घर दहा मिनिटांवर. पण तिने लांबची वाट धरली आणि पोचेपर्यंत दिवस कलला. बातमी तिच्याआधी पोचली होती. भाऊ कामावरून लवकर आला होता आणि ओट्यावर बसला होता. थापी शेजारी, सिमेंट लागलेली तशीच.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "डॉक्टरला खोटं सांगितलंस. मला काही सांगितलं नाहीस. मी चार लोकांत त्या बाईला चोर म्हणत फिरलो गं."

"चुकलं माझं."

"चुकतं, माणूस आहे. पण दोन महिने?"

शेडमध्ये बादलीचा आवाज झाला. तिच्या लक्षात आलं, खाणं घालायची वेळ टळून गेली होती. ती लगबगीने वळली, तोच भावजय बादली घेऊन बाहेर आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम.

"घातलं मी, वन्सं. तिघींनाही."

"पावडर..."

"गार झाल्यावर. चमचा सपाट भरून." भावजय तिच्याकडे न बघता म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, उद्यापासून शेडचं मी बघायचं. तुमचं वय झालं आता. तुम्ही आराम करा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर आक्काने उलट उत्तर दिलं असतं, तिला ते येत होतं. शेडमधून पिल्लांचं चुपचुप चोखणं ऐकू येत होतं, आणि पोरगीची ती भरभर घुरघुर, दूध सुटलं की डुकरीण करते ती. आक्का दारापर्यंत गेली आणि बाहेरच उभी राहिली. पाच मिनिटांनी हात धुऊन भावजय आत गेली, आणि तिने हाक मारली. ताट वाढलं होतं. भाऊ अजून जेवला नव्हता, भावजयही नव्हती. एकट्या आक्काचं ताट होतं, पाट मांडून, पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला, पाहुणीला वाढतात तसं.

"बसा ना," भावजय म्हणाली.

आक्का पाटावर बसली.